त्रुटींसह परत

अण्णांचा नवा फोन बिघडलाय, असा निरोप आला तेव्हा तो घेऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. शनिवारी साताऱ्याला पोचले तर टीपॉयवर फुलस्केप कागद तयार. डावीकडे समास सोडलेला, वर 'विषय : नवीन भ्रमणध्वनी नीट न चालणेबाबत', आणि खाली चार मुद्दे. गोळ्यांच्या वेळेची घंटी वाजत नाही. बँकेचं ॲप नंबर मान्य करत नाही. कानाचं यंत्र फोनला सापडत नाही. आणि कुणालाही कुठलाही फोटो पाठवायला गेलं की गणपतीच जातो.

"दुकानदारानं डबडं गळ्यात मारलंय," अण्णा म्हणाले. "बदलून घेऊ."

मी सेटिंग्ज उघडून परवानग्यांच्या पानावर गेले आणि बघतच राहिले. कॅमेरा नाही, मायक्रोफोन नाही, संपर्क नाही, एसएमएस नाही, सूचना नाहीत. पाच दिवसांत दारात आलेल्या एकूणएक ॲपला अण्णांनी उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं होतं.

त्यात नवल काहीच नव्हतं. अण्णांनी 31 वर्षं नगरपालिकेत काढली, त्यातली शेवटची 11 परवाना विभागात. मांडव, हातगाडी, दुकानाची पाटी, नळासाठी रस्ता खोदायचा, सगळे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. अर्ज हातात आला की आधी चष्मा आणि मग 'प्रयोजन' हा रकाना. तो कोरा असला की शेरा ठरलेला : त्रुटींसह परत. लोक वैतागायचे, पण अण्णांनी मंजूर केलेला मांडव कधी कुणाच्या दारात आडवा आला नाही.

आता या माणसासमोर फोन उभा राहतो आणि म्हणतो, अमुक ॲपला तुमचे संपर्क पाहू द्यायचे का? कशासाठी, किती दिवस, पाहून पुढे काय करणार, काही नाही. अण्णांच्या लेखी हा अर्जच नव्हे, हे चिठोरं.

"पूर्वी तर एवढंही विचारत नव्हते," मी म्हटलं. 2015 मध्ये अँड्रॉइडची सहावी आवृत्ती आली, मार्शमेलो. तोवर ॲप घेतानाच एक लांबलचक यादी समोर यायची; सगळं कबूल असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या. एकेक गोष्ट जेव्हाची तेव्हा विचारायची पद्धत त्यानंतरची.

"म्हणजे एका सहीत सरसकट मंजुरी?" अण्णांनी चष्मा काढला. एवढे व्यथित ते पेन्शन लांबली तेव्हाही झाले नव्हते.

गणपतीचं कोडं आधी सुटलं. ज्या ॲपवर रोज सकाळी पन्नास लोक सुप्रभात म्हणतात, त्याने फोटो मागितले होते. इथे मात्र अण्णांनी सरळ नकार दिला नव्हता. अँड्रॉइड 14 पासून तिथे मधली वाट असते : सगळे फोटो द्या, नाहीतर तुम्ही निवडाल तेवढेच. अण्णांनी निवडून एकच दिला होता, घरच्या गणपतीचा. तेव्हापासून त्या ॲपला या घरात दुसरा फोटो आहे हे ठाऊकच नव्हतं. मोगऱ्याच्या पानावर पडलेली कीड कृषी खात्यातल्या मित्राला दाखवायची होती, त्यालाही गणपती गेला. मित्राने हात जोडून उलट नमस्कार पाठवला होता.

कानाच्या यंत्राने मात्र अर्धा तास खाल्ला. त्याच्या ॲपने 'जवळपासची डिव्हाइस' शोधू का असं विचारलं होतं, आणि अण्णांचं म्हणणं, शेजारी कुणाकडे काय उपकरणं आहेत यात आपण कशाला डोकवायचं? जुन्या फोनवर हेच ॲप ठिकाण मागायचं, तेव्हाही ते भडकले होते. कान माझ्याच डोक्याला आहे, त्याला पत्ता कशाला? खरं तर त्या मागणीला अर्थ होता. आजूबाजूच्या ब्लूटूथ यंत्रांवरून माणूस कुठे उभा आहे ते ओळखता येतं, म्हणून नुसतं यंत्र शोधायलाही ठिकाणाची परवानगी लागायची. अँड्रॉइड 12 मध्ये ही भानगड वेगळी काढली आणि तिला हे शेजारपाजारचं नाव दिलं.

एवढं पटल्यावर अण्णा उदार झाले. "जा, दिली." पण ॲप काही विचारेना. बंद करून उघडलं, फोन बंद करून चालू केला, ढिम्म. कारण अण्णांनी त्याला दोनदा नकार दिला होता, आणि अँड्रॉइड 11 पासून तसा नियमच आहे : दोनदा नाही ऐकलं की ॲपला तो प्रश्न पुन्हा समोर आणता येत नाही. मग आपणच ॲपचं चिन्ह दाबून धरायचं, ॲपची माहिती उघडायची, आत परवानग्या शोधायच्या आणि स्वतःच्या हाताने द्यायच्या.

अण्णा खूश. "दोनदा नाही म्हटल्यावर गप्प बसतात? आमच्याकडे तिसऱ्यांदा नगरसेवकाला घेऊन यायचे."

बँकेच्या ॲपला त्यांनी एसएमएस नाकारला होता. आमचे मेसेज वाचायचा यांना काय अधिकार, हा मुद्दा बिनतोड होता. पण नंबर पडताळताना मेसेज आपल्याकडे येत नसतो, आपल्या फोनवरून बँकेकडे जात असतो. खात्याला जोडलेलं सिम याच फोनमध्ये आहे का, एवढंच बँकेला बघायचं असतं. त्यात दोन सिम असली की आणखी गंमत. अण्णांचं खातं ज्या नंबरला जोडलेलं, तो दुसऱ्या खाचेत होता. योग्य खाच निवडली, परवानगी दिली, आणि मिनिटभरात काम झालं.

गोळ्यांच्या घंटीला तीन कुलपं होती. अँड्रॉइड 13 पासून साध्या सूचनेलाही परवानगी लागते, ती नव्हती. वेळेवर वाजायला 'अलार्म आणि रिमाइंडर' अशी वेगळीच एक सवलत असते, तीही नव्हती. वर फोनला बॅटरी वाचवायची एवढी हौस, की न उघडलेल्या ॲपला तो पाळण्यात घालून झोपवतो. तिथे जाऊन 'मर्यादा नको' असं सांगावं लागलं. हे तिसरं कुलूप बहुतेकांना माहीतच नसतं, आणि शिव्या बिचाऱ्या ॲपला बसतात.

संध्याकाळी घंटी वाजली, यंत्र बोललं, लाइटबिल भरलं. मी जरा ऐटीत चहा घेत होते. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आता तुझं दफ्तर दाखव."

"माझं कशाला?"

"तपासणी."

दाखवलं. फोटोला रंग चढवायच्या एका ॲपला माझं ठिकाण कायमचं ठाऊक होतं. एकदाच वापरलेल्या कसल्याशा खेळाकडे मायक्रोफोन. आणि एका पंचांगाला माझे झाडून सगळे संपर्क. हेच पंचांग अण्णांच्या फोनमध्येही होतं. त्यांनी संपर्क नाकारले होते आणि तरी त्याला एकादशी बरोब्बर कळत होती. मला यातलं एकही बटण दाबल्याचं आठवत नव्हतं. चौकट आली की अंगठा आपोआप 'द्या'कडे जातो, लिफ्टमध्ये मजल्याचं बटण दाबावं तसा.

मग मला आमच्या ऑफिसातला एक मुलगा आठवला. त्याने ॲपवरून छोटं कर्ज घेतलं होतं. हप्ता चुकला तेव्हा वसुलीचे फोन त्याच्या मामाला, शाळेतल्या बाईंना आणि आम्हा सगळ्यांना आले, कारण संपर्क त्यानेच देऊन ठेवले होते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये कर्जाच्या ॲपना संपर्क, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावायला मनाई केली. प्रयोजन विचारायला रिझर्व्ह बँकेला 2022 उजाडलं, अण्णा ते आधीपासून विचारत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. आधीच मिशीत हसत होते.

त्यांना सगळ्यात आवडलेली सोय मात्र वेगळीच निघाली. काही महिने ॲप उघडलंच नाही तर फोन आपणहून त्याच्या परवानग्या काढून घेतो. "नूतनीकरण केलं नाही की परवाना रद्द," अण्णा म्हणाले. "हा नियम कुणी केला? माणूस कार्यालयात काम केलेला दिसतोय." निघताना पाहिलं तर जुन्या डायरीत रकाने आखणं चालू होतं : ॲपचं नाव, दिनांक, काय मागितलं, प्रयोजन, शेरा.

मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. बाहेर येऊन घेतला.

"हवामानाचं ॲप ठिकाण मागतंय. अचूक की अंदाजे, असं विचारतंय. अंदाजे म्हणजे किती?"

"साधारण तीन चौरस किलोमीटर, अण्णा."

पलीकडे डायरीचं पान उलटल्याचा आवाज. "म्हणजे धरून चाल, राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत." थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "पाऊस काय घर नंबर बघून पडतो? अंदाजे देतोय. तू तुझं काम कर."