वही क्रमांक ३ : तोरणमाळची फेरी, ३३.१ लिटर

मागच्या नोंदीत कबूल केलं होतं, की नकाशावरचे किलोमीटर भागिले गाडीचं ॲव्हरेज हा माझा हिशेब दरवेळी तोकडा पडतो. माणशी वर्गणी आधी गोळा करायची आणि परतल्यावर पुन्हा हात पसरायचा, हे पाव्हण्यारावळ्यांत बरं दिसत नाही. म्हणून या वेळी निघण्याआधी प्रवासाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं ॲव्हरेज लावलं. जानेवारी असल्यामुळे एसीचा प्रश्न नव्हता. गाडी तीच, पेट्रोल हॅचबॅक. माणसं चार.

वाट अशी : जळगाव, उनपदेव, चोपडा, शिरपूर, शहादा, तोरणमाळला मुक्काम, परतताना शहादा, प्रकाशा, नंदुरबार, दोंडाईचा, धुळे, जळगाव. सारंगखेड्यावरून सरळ दोंडाईचा गाठता आलं असतं, पण घरून नंदुरबारच्या मिरचीची यादी आली होती. त्या यादीपुढे ॲव्हरेज-बिव्हरेज काही चालत नाही.

नकाशावर बेरीज आली ५०२ किलोमीटर. जुन्या पद्धतीने १८ ने भागलं तर २७.९ लिटर, हिशेबापुरता १०५ रुपये भाव धरला की २९२८ रुपये. हा आकडा वहीत लिहून त्यावर काट मारली आणि खालचं मांडलं.

सपाट दुपदरी रस्ता ३०४ किमी, १८ च्या हिशेबाने १६.९ लिटर. शहाद्याहून घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन ६८ किमी, तिथे १७ धरलं, ४ लिटर. धुळे-जळगाव महामार्ग ९४ किमी, तिथेही १७ च, कारण त्या रस्त्यावर माझा पाय जड होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गाडी हाणली की तो दीडपटीच्याही वर जातो. त्याचे साडेपाच लिटर. टोल या वहीत येत नाही.

घाटाचं गणित करताना मजा आली. भरलेली छोटी गाडी साधारण साडेबाराशे किलोची. ती १०० मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा आणि पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जाच चाकापर्यंत पोचते ही गोष्ट, दोन्ही धरली तर दर १०० मीटर चढाला १४० मिलिलिटरच्या आसपास जास्तीचं पेट्रोल लागतं. सात पायरी घाटासह शेवटचा १८ किमीचा चढ मी ७०० मीटर धरला. म्हणजे चढाचं एक लिटर आणि अंतराचं एक लिटर, एकूण दोन. ॲव्हरेज ९! उतरताना मात्र चढाचं सगळं परत मिळत नाही, बरंचसं ब्रेकमध्ये जळतं. पण गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल तोडतात, म्हणून उताराला ०.६ लिटरच धरलं. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायलाच पेट्रोल लागतं, शिवाय त्या वळणांवर इंजिनाचा धाक नसलेली गाडी म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटी थांब्यांवरची भटकंती. तिला ३० किमी आणि ११ चं ॲव्हरेज दिलं. गोळाबेरीज ३१.७५ लिटर, ३३३४ रुपये. माणशी ८५० घेतले, वर थोडी सूट राहील म्हणून.

आता मोजणी. टाकी ते टाकी हीच पद्धत, म्हणजे निघताना टाकी फुल, परतल्यावर पुन्हा फुल, आणि दुसऱ्यांदा बसेल तेवढं जळलं असं धरायचं. दुसरीवर माझा विश्वास नाही. तोच पंप, तेच नोझल, गाडी त्याच सपाट जागेवर, आणि टाकी भरून नोझल आपोआप बंद होतं तो पहिला खटका वाजला की थांबायचं. हे शेवटचं पंपावरच्या पोराला पटवणं म्हणजे डोंगर चढणं. मागच्या फेरीला खटक्यानंतर त्याने माझ्यावर उपकार म्हणून नोझल दाबून दाबून आकडा २५०० वर आणला होता आणि माझी अख्खी फेरी वाया घालवली होती. या वेळी मी खाली उतरून उभाच राहिलो. "कितलं टाकू भो?" फुल. खटका वाजला, मी हात आडवा केला. "राउंड नही करना?" नही करना. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी मीटरमध्ये काहीतरी गडबड पकडायला आलोय.

प्रत्येक गावाच्या वेशीवर मीटरचा आकडा टिपायचं काम शालकाकडे होतं. चोपड्यापर्यंत त्याने इमानेइतबारे टिपलं. शिरपुरात शेवभाजी झाल्यावर मात्र, "दाजी, आपण फिरायला आलोय की ऑडिटला?" तिथून पुढचे आकडे मीच लिहिले, पण ते हाती आले म्हणूनच पुढचं कळलं.

जळगावात परतलो तेव्हा मीटरवर ५४७ किमी, टाकीत बसलं ३३.१ लिटर. खरं ॲव्हरेज १६.५. डॅशबोर्ड म्हणत होता १७.९, म्हणजे त्याला आठ टक्के फुशारकी मारायची सवय आहे. जुन्या पद्धतीचा अंदाज जवळपास सोळा टक्के चुकला असता. तुकड्यांचा चुकला चार टक्के.

ते चार टक्के कुठे गेले? थांब्यांत. ३० धरलेली भटकंती ४५ किमी निघाली. एकट्या तोरणमाळला यशवंत तलाव, सीताखाई आणि पुन्हा तलावावर सूर्यास्ताला असं करत ९ झाले. नंदुरबारला मिरचीपायी बाजाराचे तीन फेरे. जास्तीच्या १५ किमीला ११ ने भागा, १.३६ लिटर येतात. माझी चूक १.३५ ची. हे इतकं नेमकं जुळलं की मलाच संशय आला. घाटात थोडं जास्त आणि महामार्गावर थोडं कमी लागून दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या असतील, तेही शक्य आहे. ते तपासायला घाटाच्या आधी आणि नंतर वेगळी टाकी भरावी लागेल.

नंदुरबारला एकाने सुचवलं, की गुजरातेत पेट्रोल दहा-एक रुपयांनी स्वस्त आहे, तिकडून भरून या. टाकीत २० लिटरची जागा होती, म्हणजे दोनशे वाचले असते. जाऊन-येऊन ४० किमी धरले तर २३३ रुपयांचं पेट्रोल जाळून! नवापूरमार्गे सुरतेला निघालात तर गोष्ट वेगळी, तिथे तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. मुद्दाम वाट वाकडी करण्यात अर्थ नाही.

नऊ थांबे, ४५ किमी. तेव्हा यापुढे नकाशावरच्या बेरजेत दर थांब्याला ५ किमी घालायचे, असं ठरवलंय. पुढची फेरी पद्मालय, पाचोरा, चाळीसगाव, पाटणादेवी : २५० किमी १८ च्या हिशेबाने, वर चार थांब्यांचे २० किमी ११ च्या हिशेबाने, असे १५.७ लिटर, १६५० रुपये. कागद घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. या वेळचे कमी पडलेले ७५ रुपये मी कुणाकडे मागितले नाहीत, शालकाने मात्र ते वहीत लिहायला लावले.