तेल सुटेपर्यंत

सकाळी सव्वासहाला इयांचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "माय पिकिन, माय डॉटर डॉन बॉर्न!" पिकिन म्हणजे लेकरू. त्यांची लेक रात्री बाळंत झाली होती, मागे बाळ टाहो फोडत होतं. मी तोंडभरून अभिनंदन केलं आणि फोन ठेवता ठेवता पोटात गोळा आला. त्या दिवशी दुपारी एक वाजता कारखान्यात ८० पानं उठायची होती आणि स्वयंपाक इया करणार होत्या.

मे २०१६ मधली गोष्ट. नायजेरियातल्या लागोस शहरात, इलुपेजू भागात एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर मी आचारी होतो. गाव सातारा जिल्ह्यातलं. काम ठरलेलं: २२ देशी माणसांची पोळी-भाजी, आमटी-भात, रविवारी मटण. कामगारांचं कँटीन इयांकडे. इया म्हणजे तिथल्या योरुबा भाषेत आई. अख्खा कारखाना त्यांना इयाच म्हणायचा. योरुबात मोठ्या माणसाला 'तू' चालत नाही, आपल्या 'तुम्ही'सारखं वेगळं रूप आहे. ते कळलं तेव्हा मला तिथे जरा घरच्यासारखं वाटलं होतं.

जेवण होतं बॉयलरवरच्या बाबांच्या निरोपाचं. बाबा हेही त्यांच्यात वडिलांनाच म्हणतात. काय खाणार म्हटल्यावर ते म्हणाले, राइस अँड स्ट्यू, आणि कोंबडी हार्ड पाहिजे. हार्ड म्हणजे अंडी देऊन म्हातारी झालेली लेयर कोंबडी. ब्रॉयलरला बाबा कोंबडी मानतच नसत. या बाबतीत त्यांचं आणि माझ्या आजीचं एकमत.

स्ट्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे केरळचा नारळाच्या दुधातला पांढरा इश्टू येतो. इथला स्ट्यू, म्हणजे ओबे अता, लालभडक. यातल्या तीन मिरच्या कळल्या की तो कळला. टाटाशे मोठी, मांसल, रंगासाठी, तिखट बेताची. शोंबो लांबडी, आपल्या ओल्या लाल मिरचीच्या वळणाची. आणि अता रोडो: लिंबाएवढी, सुरकुतलेली, दिसायला गोंडस. स्कोव्हिलच्या मापात तिचा तिखटपणा १ लाख ते ३.५ लाख. लवंगी तिच्यापुढे पोरगी. वास मात्र इतका फळासारखा गोड की पहिल्या वर्षी मी एक चावून बघितली होती. पुढचं सांगत नाही.

एरवी यात टोमॅटोही बरोबरीने पडतो. पण त्या महिन्यात टोमॅटो सोन्याच्या भावाने होता. लागोसचा टोमॅटो उत्तरेतून, कानो-कडूनाकडून येतो. टोपल्यांवर टोपल्या रचून, ट्रक भरभरून, माइल ट्वेल्व्हच्या बाजारात. त्या वर्षी टुटा अ‍ॅब्सोल्युटा नावाच्या पतंगाच्या अळीने मळेच्या मळे पोखरले आणि कडूना राज्याने चक्क टोमॅटोची आणीबाणी जाहीर केली. लोक त्याला 'टोमॅटो इबोला' म्हणायचे. (दोनच वर्षांपूर्वी खराखुरा इबोला शहरात येऊन गेला होता. थट्टा करताना लागोस कुणाचीच भीड ठेवत नाही.) त्यामुळे इयांनी आदल्या दिवशी आणून ठेवलेल्या मालात टाटाशे १२ किलो, कांदा ६ किलो, थोडी शोंबो आणि टोमॅटो जेमतेम ३ किलो. रोडो एक पेंट. पेंट म्हणजे रंगाचा ४ लिटरचा रिकामा डबा. तीच तिथली पायली.

"रोडो अर्धीच घाल," इया फोनवर म्हणाल्या. मी मनात पाव ठरवली होती. देठं काढली, बिया झटकल्या, तीही उघड्या हातांनी. सातारचा माणूस मिरचीला हातमोजे घालतो काय!

सातला लाइट गेली. तसंही २० किलोचं वाटण घरच्या मिक्सरचं काम नव्हे. रस्त्याच्या टोकाला वाटण करून देणारी गिरणी होती: पेट्रोलचं इंजिन, वर पत्र्याचं रुंद तोंड, खाली घमेलं. शेजारी चवळी वाटायचं यंत्र वेगळं, म्हणजे आपल्याकडे ज्वारीवर बाजरी चालत नाही तसंच. पंधरा-वीस दिवसांपूर्वीच पेट्रोल लिटरमागे ८६.५० नायरांवरून (नायरा म्हणजे तिथलं चलन) १४५ वर गेलं होतं आणि गिरणीवाल्याने त्यावर स्वतःचा तोडगा काढला होता. मग्यामागून मगा पाणी ओतायचं. वाटण झरझर खाली येतं, इंजिन लवकर बंद करता येतं. मी त्याला 'पाणी नको' म्हणायला हवं होतं. मी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून शिंकत होतो.

घरी आणून बघतो तर वाटण सोलकढीइतकं पातळ.

हे आटवायचं तर दुपारचे तीन वाजले असते. पुन्हा फोन. इया हसल्या, मग म्हणाल्या, "टाय अ‍ॅम." पिठाचं धुतलेलं पोतं घे, त्यात ओत, बांध आणि टांग. मी फोन कानाला धरून तसाच उभा. अहो, हा तर चक्का! आयुष्यभर श्रीखंडासाठी दही बांधत आलो आणि मला हे सुचू नये? मागच्या अंगणात कपड्यांच्या लोखंडी दांडीला दोन पोती टांगली, खाली पातेली लावली. अर्ध्या तासात लाल पाण्याने पातेली भरली, पोत्यात घट्ट गोळा राहिला. ते पाणी टाकायचं नाही, कोंबडीत घालायचं, हेही इयांनीच बजावलं.

कोंबड्या २०, तुकडे १६०. माझ्या हाताखालच्या पोराने त्या कांदा, थाइम, मीठ, स्टॉकच्या वड्या आणि तिथली करी पावडर घालून उकडायला लावल्या होत्या. ती करी पावडर इंग्रजांच्या वाटेने आलेली. नावाने आपली, चवीने कुणाचीच नाही. लेयर कोंबडी तासाभरानेही दाताला दाद देईना, तेव्हा पोत्याचं पाणी ओतून आणखी अर्धा तास. पुढे रीतीप्रमाणे ती तळायची. पण दोन्ही मोठ्या शेगड्या स्ट्यूला लागणार होत्या आणि घरच्या ओव्हनमध्ये १६० तुकडे म्हणजे संध्याकाळ. गल्लीत आगेगे ब्रेडची बेकरी होती. तो पाव गोडसर, दाट, दाबला तर उशीसारखा वर येणारा. सकाळचा घाणा निघून गेलेला, भट्टी अजून तापलेली. मालकाला दोन प्लेट जेवण कबूल केलं आणि तुकड्यांना तेल-मीठ-मिरची चोळून पावाच्याच ट्रेमधून आत सारले.

"बेक?" इयांनी एवढंच विचारलं. त्या स्वरावरून आदेश कळला की कोंबडी ओली लागली तर माझी खैर नाही. चाळीस मिनिटांनी ट्रे बाहेर आले तेव्हा कडा काळपट, कातडी ताणून चकचकीत झालेली, आणि वासात कुठेतरी पावाचा गोडवा. तळलेलीपेक्षा मला तीच आवडली. अजूनही मी तशीच करतो.

आता स्ट्यू. दोन पातेल्यांत पाच लिटर शेंगतेल. नायजेरियात शेंगतेल सर्रास वापरतात. एके काळी कानोला शेंगांच्या पोत्यांचे पिरॅमिड रचले जायचे. तेलात कांदा, मग पोत्यातला तो गोळा. साडेदहा वाजले होते. अकराला चाखलं: कच्चट, आंबट. साडेअकराला पुन्हा तेच. ढवळायला हात थांबेना, कारण थांबला की तळाला लागतंय. बोटांची आग मनगटापर्यंत चढलेली. कोंबडी उकडलेला रस्सा अजून घातलेला नव्हता, तो घालून उकळी आणून मोकळं व्हावं असं दहादा वाटलं. गुळाचा खडाही हातात घेऊन ठेवला. शेवटी पाचव्यांदा फोन केला.

"कलर काय?" लाल, म्हटलं. "डार्क रेड ऑर टोमॅटो रेड?" मला धड सांगता येईना. मग त्या म्हणाल्या, फोन पातेल्यापाशी धर.

मी स्पीकर चालू करून फोन पातेल्यावर धरला. आतून बुडबुड, थांबून पुन्हा बुडबुड. पलीकडे बाळही गप्प होतं. "ई नेव्हर डन," इया म्हणाल्या, अजून झालं नाही. "वॉटर स्टिल डे इनसाइड," पाणी अजून आत आहे. ढवळ, पण सारखं नको. फोन ठेवू नको.

मी फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवला. पावणेबाराला बुडबुड विरळ झाली. बारानंतर तिच्या मधूनमधून बारीक चुर्रर्र यायला लागलं, तवा तापल्यावर पाण्याचा थेंब पडावा तसं. मग बुडबुड गेलीच. नुसती चुरचुर उरली, आणि कडेने आधी एक, मग चारही बाजूंनी तांबडं तेल वर आलं. तर्री! मी तोंड उघडायच्या आत कठड्यावरून आवाज आला, "एहे! ऑइल डॉन कम अप."

त्यांनी ते आठ-दहा किलोमीटरवरून, बाळंतिणीच्या खोलीत बसून, फोनच्या टिचभर स्पीकरमधून ऐकलं होतं.

चाखलं. आंबटपणा पार गेलेला. गूळ परत डब्यात ठेवला. रस्सा घातला, कोंबडी सोडली, वरचं जास्तीचं तेल काढून बाटलीत भरून ठेवलं. भात वेळून झालाच होता. एक वाजून दहा मिनिटांनी पहिली पंगत बसली. बाबांनी एक तुकडा हाडापर्यंत साफ केला, हाड फोडून चोखलं आणि दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. आमच्या देशी साहेबांपैकी तिघांनी दही मागितलं.

सोमवारी इया दोन तासांपुरत्या आल्या. जेवण कसं झालं हे विचारलं नाही, ते त्यांना फाटकावरच कळलं असणार. थेट कपाटाशी गेल्या. "व्हेअर माय ऑइल?" बाटली दिली. उजेडात धरून बघितली, झाकण काढून वास घेतला. उकडलेल्या याम कंदाचे दोन तुकडे डब्यात होते. बशीत ते तांबडं तेल ओतून एक माझ्यापुढे सरकवला.

मी तुकडा चमच्याने उचलला तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या सुजलेल्या बोटांकडे गेलं. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन कारखान्याच्या स्टोअरमधले रबरी हातमोजे आणले आणि माझ्या मिसळणाच्या डब्याच्या झाकणावर ठेवून दिले.