पगारपत्रकातला धर्म

म्युनिकमध्ये मी पगार विभागात काम करते. भारतातून नव्याने आलेल्यांचा पहिला पगार झाला की फोन ठरलेला असतो: एवढे पैसे गेले कुठे? आयकर, पेन्शन, आरोग्य विमा समजावून सांगितला की काम संपतं. वसईहून आलेल्या त्या मुलाने मात्र वेगळ्याच ओळीवर बोट ठेवलं.

‘ताई, हे ६४ युरो कसले?’

‘चर्चचा कर.’

बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हा कर आयकराच्या ८ टक्के, बाकी जर्मनीत ९. त्याचा आयकर ८०० युरो, म्हणून ६४. राहण्याची नोंदणी करताना धर्माच्या रकान्यात त्याने सरळ मनाने ‘कॅथलिक’ लिहिलं होतं. ती नोंद कर खात्यात गेली आणि तिथून ‘आरके’ (म्हणजे रोमन कॅथलिक) एवढी दोन अक्षरं होऊन माझ्या स्क्रीनवर आली. ती बदलायचा मला अधिकार नाही, पण कर कापला नाही तर जबाबदारी कंपनीची. माझ्या नावापुढे नुसत्या दोन आडव्या रेघा आहेत, म्हणजे चर्चकर लागू नाही. त्या रेघांवरूनही माणसाची श्रद्धा उघडी पडते, असं म्हणत म्युनिकचाच एक रहिवासी स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये हरला. मला तो निकाल अजिबात पटलेला नाही. बरोबर काम करणाऱ्यांचा धर्म मला कळायचं कारणच काय?

‘गावी आम्ही चर्चला देतोच की, पण आपल्या मनाने. हे बंद करता येईल?’

येतं. नोंदणी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याचं लिहून द्यायचं. पण जर्मन बिशपांच्या २०१२ च्या आदेशानुसार असं लिहून देणाऱ्याला चर्चचे धार्मिक संस्कार मिळत नाहीत, बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणूनही उभं राहता येत नाही. हे ऐकून तो गप्पच झाला. नाताळात बहिणीच्या बाळाचा धर्मपिता तोच होणार होता.

‘पैसे जाऊ देत, ताई. धर्म सोडला असं खोटं कसं लिहून देऊ?’

राज्याचं कोणतंही चर्च नाही, असं जर्मन राज्यघटना सांगते. १९१९ च्या वायमार घटनेतली ही कलमं १९४९ मध्ये जशीच्या तशी उचलली, आणि कर लावण्याचा चर्चचा हक्कही त्याच कलमात आहे. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने धर्माला सरकारी पैसा देणं थांबवलं, तरी तेव्हा जर्मनीकडे असलेल्या आल्सासमध्ये पाद्र्यांचा पगार आजही सरकारच देतं. म्हणजे धर्म आणि सरकार यांची निखळ फारकत कुठेच नाही, हे मला मान्य आहे. पण शेजारच्या ऑस्ट्रियात वर्गणीची मागणी चर्च स्वतः पाठवतं, मालकाला मध्ये घेत नाही. इतकंच कशाला, इथे बव्हेरियातही चर्चची स्वतःची कर कार्यालयं आहेत आणि स्वतंत्र व्यावसायिकांकडून ती थेट वसुली करतात. मग नोकरदारांचीच श्रद्धा माझ्या टेबलावरून का जावी?