ब्रह्मकमळ आणि आमची काळी माती

बहिणीनं अमरावतीहून ब्रह्मकमळाचं पान आणलं. मी ते वावरातल्या काळ्या मातीत खोचलं अन् पावसाळ्यात ते बुडापासून सडलं. आमची माती पाणी धरते. पऱ्हाटीला चालते, याला नाही. हा मुळात निवडुंग, मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच, पण हे सासूबाईंना कोण सांगणार!)

दुसरं पान रेती, विटेचे तुकडे अन् शेणखतात लावलं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की कुंडी छपरीत, माठाशेजारी.

परवा रात्री दहाला कळी उमलली. लाईन गेलेली. टॉर्चच्या उजेडात सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. सकाळी फूल ओल्या पायमोज्यासारखं लोंबत होतं.