‘हो’ आणि पुन्हा ‘हो’

कलेक्टर कचेरीत स्थानिक स्तर समितीची बैठक होती. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ हा बौद्धिक अक्षमता, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीचा कायदा. त्याखालचे सज्ञान माणसांच्या पालकत्वाचे अर्ज इथेच निकाली निघतात. जिल्हाधिकारी, एक दिव्यांग सदस्य आणि नोंदणीकृत संस्थेकडून मी.

अर्ज मोठ्या भावाचा. बहीण २६ वर्षांची, सौम्य बौद्धिक अक्षमता, उदबत्तीच्या कार्यशाळेत पॅकिंग करते. कारण काय, तर तिच्या खात्यासाठी बँक पालकत्वाचा दाखला मागते. नमुना ‘अ’ म्हणजे अर्जाचा फॉर्म, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, सगळं जागच्या जागी. इतकी नीट फाईल पाच मिनिटांत सही होऊन जाते. पण याच कायद्याचं कलम १४ म्हणतं, पालक लागतो का ते आधी बघा. लागत असेल तर कशापुरता, तेही बघा.

मी तिला विचारलं, “तुझे पैसे दादाने सांभाळायचे का?” “हो.” जेवणाखाण्याचं थोडं बोलून उलटं विचारलं, “पैसे तूच सांभाळायचे का?” “हो.” ‘हो’ म्हटलं की मोठी माणसं खूश होतात, ही सवय लहानपणापासूनची. म्हणून हो-नाहीचे प्रश्न अशा वेळी बाद.

भावाला बाहेर बसायला सांगितलं. टेबलावर पन्नासच्या चार नोटा, दहाची एक आणि तीन पाकिटं ठेवली. तिने लावलं: बसचे, मोबाईलचे, बँकेचे. दहाची नोट मला परत दिली. “फाटकीय. कंडक्टर घेत नाही.”

“आणि शेत?” “ते नाही कळत. मावशीला विचारते.”

फाईलच्या तळाशी वडिलांच्या दोन एकरांच्या हक्कसोडपत्राचा मसुदा होता, भावाच्या नावे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १३ सांगतं की ज्या व्यवहारात मदत करणाऱ्याचे हितसंबंध आड येतात, त्यात त्याने बाजूला व्हावं. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून तसं धरता येत नाही, पण इथे मसुदाच समोर होता. भाऊ चिडला. दहा वर्षं तिचं सगळं त्यानेच केलेलं, राग समजण्यासारखा.

खात्यासाठी पालक नको, असं इतिवृत्तात लिहिलं. शेतापुरता मावशीने वेगळा अर्ज करायचा ठरलं. नेमणूक झाली तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब.

बँकेने समितीचं पत्र पहिल्या खेपेला परतच पाठवलं. दुसऱ्या खेपेला सोबत इतिवृत्ताची प्रत जोडली, तेव्हा घेतलं.