अथेन्सच्या तालमीत ॲरिस्टॉटल

अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल जिथे शिकवायचा, त्या लिकेअमच्या अवशेषांमध्ये मात्र मी अगदी निवांत फिरले. १९९६ मध्ये एका कलासंग्रहालयाचा पाया खणताना इथे जुन्या भिंती लागल्या आणि शेवटी संग्रहालयच दुसरीकडे न्यावं लागलं.

बघायला म्हणाल तर फार काही नाही. बुटक्या भिंती, मधोमध अंगण, भोवती खोल्या, स्नानाच्या जागा. ही कुस्तीची तालीम. ॲरिस्टॉटल अथेन्सचा नागरिक नव्हता, त्यामुळे त्याला इथे स्वतःची जमीन घेता येत नव्हती. इ.स.पू. ३३५ च्या सुमारास त्याने या सार्वजनिक जागीच शिकवायला सुरुवात केली. अंगाला तेल चोळून मातीत उतरणाऱ्या पोरांच्या शेजारी, शिकायचं कशासाठी, याचा विचार चालायचा!

'पॉलिटिक्स' या आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात ॲरिस्टॉटल लिहितो की, मुलांना साधारण चार गोष्टी शिकवतात: लिहिणं-वाचणं, व्यायाम, संगीत आणि काही जण चित्रकलाही. चित्रकला कशाला? वस्तू विकत घेताना फसू नये एवढ्यासाठी नव्हे, तर देहाचं सौंदर्य ओळखणारी नजर यावी म्हणून. जिथे तिथे उपयोग शोधत बसणं मोकळ्या, मोठ्या मनाच्या माणसाला शोभत नाही, असंही तो बजावतो. 'याला स्कोप आहे का?' हे ऐकतच मी मोठी झाले. त्या अंगणाच्या कडेला उभी असताना हे आठवून मला फार बरं वाटलं.

त्याच्या मते युद्ध शांततेसाठी आणि काम फुरसतीसाठी. स्पार्टा या ग्रीक नगरराज्याने पोरांना लढायचंच शिक्षण दिलं. सत्ता हाती आल्यावर स्वस्थपणे जगायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं आणि ते लयाला गेले. ही फुरसत म्हणजे लोळणं नव्हे. संगीत, मैत्री, चिंतन यांत माणसाचं आयुष्य सार्थकी लागतं आणि शिक्षणाने त्याची तयारी करून घ्यायची.

पण ही फुरसत गुलामांच्या कष्टांवर उभी होती आणि त्याच ग्रंथात त्याने गुलामगिरीचं समर्थन केलं आहे. ते मला मुळीच मान्य नाही. फुरसत हवी, पण सगळ्यांना. माग आपोआप विणू लागले असते तर मालकांना गुलाम लागले नसते, असं तो स्वतःच पहिल्या भागात म्हणतो. आता माग विजेवर चालतात.