चिखलदऱ्यात चार दिवस, पळणाऱ्या पोरांसोबत

डिसेंबरात दर्यापूर तालुक्यातली आमची सात पोरं-पोरी घेऊन चिखलदऱ्याला चार दिवस राहून आलो. सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. उंचावर पळलं की रक्त वाढतं, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलेलं. आमच्या खारपाणपट्ट्यातून, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सपाट मुलखातून, उंच म्हणून जवळ दिसतं ते चिखलदराच.

अंजनगाव सुर्जीमार्गे परतवाडा आणि तिथून घाटाची एसटी. परतवाड्यात पोटभर जेवू नका, आमच्या दोघांना घाटात उलट्या झाल्या. शनिवार-रविवारी गर्दी असते, मधल्या वारी जा. स्वेटर, कानटोपी हवीच.

पहिल्या सकाळी रक्तातला ऑक्सिजन बघायला सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. गावात 98 टक्के यायचं, इथे 96. "सर, इथं तर काईच फरक नाई," एक पोट्टा हिरमुसून म्हणाला. त्याचं खरं होतं. चिखलदरा जेमतेम 1100 मीटरवर. हवा थोडी विरळ होते, पण रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन तिथेही ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरतं. रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी पडला, तरच मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक भरपूर सोडतात आणि हाडांतल्या मज्जेत तांबड्या पेशी जास्त तयार होऊ लागतात. त्याला साधारण 2000 ते 2500 मीटर उंची लागते, आणि तीन-चार आठवड्यांचा मुक्काम. चार दिवसांत पेशी तयार होऊन रक्तात येत नाहीत.

तरी परतल्यावर एकाचं हिमोग्लोबिन (दर 100 मिलिलीटर रक्तात किती ग्रॅम, तो आकडा) 13.8 चं 14.3 आलं आणि पोरांनी जल्लोष केला. लॅबवाल्या ताईंनी समजावलं, की घाम गेला, पाणी कमी प्यालं, की रक्तातलं पाणी घटतं आणि आकडा वाढलेला दिसतो. एकूण हिमोग्लोबिन तेवढंच असतं. खऱ्या उंचीवरही पहिल्या काही दिवसांत हेच होतं. तेव्हा परतल्या परतल्या केलेल्या तपासणीवर विसंबू नका.

मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच कागदाने. जाण्याआधी ग्रामीण रुग्णालयात सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. तीन पोरींपैकी दोघींचं हिमोग्लोबिन 10 च्या आसपास, म्हणजे कमी. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलीटर ऑक्सिजन वाहतं. म्हणजे 10 चं 13 झालं, तर दर 100 मिलिलीटर रक्तात चार मिलिलीटर ऑक्सिजन जास्त. वाढ तीस टक्क्यांची! उंचावर महिनाभर राहून चांगल्या खेळाडूचं एकूण हिमोग्लोबिन वाढतं ते तीन-चार टक्के, आणि तेही शरीरात लोहाचा साठा असेल तरच. साठा नसेल तर पेशी बनणार कशाच्या? ह्या पोरी दोन वर्षं माझ्यासमोर धापा टाकत पळत होत्या आणि मी त्यांना "जोर लाव" म्हणत होतो. ते मनातून जात नाही.

आता डॉक्टरांच्या सल्ल्याने दोघींच्या लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. जेवणात अंबाडीची भाजी, हरभरा, वर लिंबू किंवा आवळा. जेवणाला लागून चहा बंद, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. तपासल्याशिवाय कुणाला गोळ्या देऊ नका.

त्याच तपासणीत एक पोरगा सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक निघाला. आपल्या विदर्भात हे बऱ्याच घरांत आहे, म्हणून ही तपासणी टाळू नका. वाहक पळू शकतो. तो पोरगा आमच्यात सगळ्यात पुढे असतो. पण त्याला पाणी कमी पडू देऊ नका, पहिल्याच दिवशी जोराच्या फेऱ्या देऊ नका. पुढे हिमालयातल्या उंच शिबिराला जायचं झालं, तर डॉक्टरांना विचारूनच. तिथे डाव्या बरगडीखाली दुखलं तर प्लीहेला इजा झालेली असू शकते. लगेच थांबवून खाली उतरवायचं आणि दवाखाना गाठायचा.

मग चिखलदऱ्याला जायचं कशाला? चढासाठी आणि गारव्यासाठी. देवी पॉइंटच्या रस्त्यावर रोज चढाच्या सहा फेऱ्या मारल्या, मांड्या भरून आल्या. उतारावर चालतच या, गुडघे सांभाळा. उजाडण्याआधी बाहेर पडू नका, मेळघाटचं जंगल आहे, अस्वलं फिरतात. आम्ही सातला निघायचो, नऊला परत. आणि जाण्याच्या दीड-दोन महिने आधी रक्त तपासून घ्या, म्हणजे कमी निघालं तर भरून काढायला वेळ मिळतो.